बापाची जागा कोरी

आमच्या जतच्या घरात एक कुजबूज चालत आलीय: धाकट्या चुलत आजोबांना लग्नाआधी उमदीकडच्या एका बाईपासून मुलगा झाला होता. खरं-खोटं शोधायचं कसं?

असा शोध घेणारे स्कॉटलंडचं उदाहरण देतात. तिथं 1855 पासून जन्मनोंद सक्तीची झाली. त्याआधीही चर्चचे पंच अविवाहित आईला बोलावून बापाचं नाव विचारायचे, वहीत लिहायचे. शिक्षेसाठी लिहिलेलं आज पतवंडांच्या उपयोगी पडतं.

आपल्याकडं? जत 1948 पर्यंत डफळ्यांचं संस्थान. मग दक्षिण सातारा जिल्हा, 1960 पासून सांगली. त्यामुळं कागद कुठल्या कचेरीत, हाच पहिला प्रश्न. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात, जुन्या असल्या तर मोडीत. दुसरी वाट हेळव्यांची. बैल घेऊन दारोदार फिरणारे हे लोक घराण्याच्या पिढ्या सांगतात. पण सांगणार यजमानाच्या दारात, यजमानासमोर. नको ते नाव तिथं कोण घेईल?

मला कोतवाल बुकात 1951 ची एक नोंद सापडली. मुलगा, आईचं नाव, बापाची जागा कोरी. गाव जुळतं, साल जुळतं. तेवढ्यानं पुरावा होत नाही.

तो माणूस असलाच, तर सत्तरी ओलांडलेला असेल. घरात भीती एकच: जमिनीत वाटा मागेल. ती कोरी जागा मी अंदाजानं भरणार नाही. वंशावळीत मात्र आजोबांच्या नावाखाली प्रश्नचिन्ह घातलंय. उद्या कुणी विचारत आलं, तर 'असं काही नव्हतंच' म्हणून दार लावायचं नाही, एवढं मी घरात सांगून ठेवलंय.