पुनर्विवाह आणि पेन्शन

1918 च्या ऑगस्टअखेर, पहिले महायुद्ध चालू असतानाच, लंडनच्या पोलिसांनी संप केला. पगारवाढ आणि संघटनेला मान्यता या मागण्या तर होत्याच. पण आपल्या पश्चात बायकोला हक्काचे पेन्शन मिळावे, हीही एक मागणी होती. सरकार नमले व हा हक्क मान्य झाला. मात्र ब्रिटनमधील या पेन्शनला एक अट कायम चिकटून राहिली : विधवेने पुन्हा लग्न केले की पेन्शन बंद. बंबवाल्यांच्या विधवांचीही तीच गत होती. या अटीचा इतिहास आज आपल्याला पाहावयाचा आहे.

अटीमागचा हिशेब सरळ होता. बाई नवऱ्याच्या आधाराने जगते. नवा नवरा मिळाला की जुना आधार कशाला? हा विचार आपल्याला परका नाही. 1856 च्या कायद्याने हिंदू विधवेच्या लग्नाला मान्यता दिली. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने, लग्न करताच ती जणू मरण पावली असे मानून, पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क काढून घेतला. वाट मोकळी केली आणि वाटेवरच जकातनाका बसविला!

परंतु पेन्शन ही मेहेरबानी आहे की कमाई, हा खरा प्रश्न आहे. 1987 च्या ब्रिटिश नियमांखाली पोलीस शिपायाच्या पगारातून दर शंभर पौंडांमागे 11 पौंड पेन्शनसाठी कापले जात. म्हणजे विधवेच्या हाती पडे ती मृत माणसाने घाम गाळून मागे ठेवलेली पुंजी. तिने दुसरे लग्न केले म्हणून त्याची नोकरी केलेली वर्षे पुसली जातात काय? तरीही पदरी लहान मुले असलेल्या तरुण विधवेला सोबत हवी की उत्पन्न, यांतून एकाचीच निवड करावी लागे.

2006 च्या नव्या पोलीस योजनेत पेन्शन तहहयात झाले. पण जुन्या योजनेतल्या विधवा तशाच राहिल्या. त्यांनी लढा दिला. उत्तर आयर्लंडने 2014 साली पाऊल उचलले. इंग्लंड व वेल्समध्ये 1 एप्रिल 2015 पासून, कर्तव्य बजावताना मृत्यू आलेल्या पोलिसांच्या व बंबवाल्यांच्या पती-पत्नींना पुनर्विवाहानंतरही पेन्शन राखता आले. जुन्या योजनेतल्या ज्या शिपायाला आजाराने मरण आले, त्याची विधवा मात्र या सुधारणेबाहेरच राहिली.

आपल्याकडेही केंद्र सरकारने सहाव्या वेतन आयोगानंतर अपत्यहीन विधवेचे कुटुंब-निवृत्तिवेतन पुनर्विवाहानंतर चालू ठेवले, पण उत्पन्नाची मर्यादा घालून.

तात्पर्य, लग्नाला परवानगी देणे ही अर्धी सुधारणा होय. ज्या लग्नासाठी स्त्रीला मुलांच्या तोंडचा घास पणाला लावावा लागतो, ते कायद्याने मोकळे असले तरी व्यवहारात बंदच असते. पेन्शन हे मृताच्या सेवेचे ऋण आहे. आणि ऋणको धनकोच्या घरी लग्न निघाले म्हणून कर्जमुक्त होत नसतो.