तळटीप ९ : स्प्लिट होरायझन

लेखकाने हा नियम जाता जाता उल्लेखिला आहे, म्हणून थोडा खुलासा. जी वाट ज्या जोडणीवरून कळली, ती त्याच जोडणीवर उलट सांगायची नाही, एवढाच हा नियम. समजा, पनवेल, पेण आणि रोहा येथील राउटर रेल्वेमार्गासारखे एका ओळीत जोडलेले असून आरआयपी वापरतात. पेणहून रोहा १ टप्पा, पनवेलहून २. नागोठण्याजवळ केबल तुटली, पेणने रोह्याची वाट रद्द केली. तेवढ्यात पनवेलचा दर ३० सेकंदांनी निघणारा निरोप येतो : रोहा माझ्याकडून २ टप्पे. पनवेलला ही बातमी मुळात पेणनेच दिलेली! तरी पेण ३ धरतो, मग पनवेल ४, पेण ५. आकडा १६ ला, म्हणजे आरआयपीच्या ‘अनंता’ला, टेकेपर्यंत रोह्याची पाकिटे या दोघांत हेलपाटे घालतात. नियम लागू असेल तर पनवेल गप्प बसतो.

मात्र अलिबागच्या एकाच फ्रेम रिले इंटरफेसवर पेण आणि रोहा दोन्ही असतील, तर हाच नियम आडवा येतो : पेणची वाट रोह्याला कळतच नाही. तिथे नियम बंद करतात किंवा दोघांना वेगळे सबइंटरफेस देतात. दुसरा उपाय बरा. तीन राउटरांच्या फेऱ्यातही नुसत्या या नियमाने भागत नाही, हे चार्ल्स हेड्रिक यांच्या १९८८ च्या आरएफसी १०५८ मध्येच नमूद आहे. — संपा.