भिंगाचा भार

छायाचित्रांच्या प्रदर्शनात चित्राखालची टीप वाचून पाहावी. तिच्यात छायाचित्रकाराचे नाव असते, भिंगाचे नाभीय अंतर असते, पुष्कळदा प्रकाशनाचा काळही असतो. ते भिंग ज्यावर विसावले होते त्या तिपाईचा, आणि दोघांना जोडणाऱ्या वीतभर धातूच्या पट्टीचा उल्लेख मात्र नसतो. छायाचित्रणाचा इतिहास आपण डोळ्याचा इतिहास म्हणून लिहीत आलो आहोत. दूरचे टिपणाऱ्या टेलिफोटो भिंगांच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते, कारण तिथे पाहणे आणि पेलणे ही दोन वेगळी कामे राहत नाहीत.

साधा हिशेब करू. कॅमेरा एका अंशाच्या शंभराव्या भागाइतका डगमगला, तर ५० मिलीमीटरच्या भिंगामागे प्रतिमा सुमारे ०.००९ मिलीमीटर सरकते. ५०० मिलीमीटरच्या भिंगामागे तीच ०.०९ मिलीमीटर सरकते. दूरचे पाखरू दहापट जवळ येते, तशी हाताची थरथरही दहापट मोठी होते.

टेलिफोटोचा जन्मच मुळी या अडचणीतून झाला, असे म्हणता येईल. त्यापूर्वी दूरचे मोठे करून दाखवायचे तर कॅमेऱ्याचा भाता तितकाच लांब ओढावा लागे. १८९१ साली लंडनच्या थॉमस डॅलमायर यांनी, आणि त्याच सुमारास जर्मनीत आडोल्फ श्टाइनहाइल व आडोल्फ मीटे यांनी, पुढे बहिर्वक्र आणि मागे अंतर्वक्र भिंगसमूह योजून नाभीय अंतरापेक्षा आखूड उपकरण शक्य करून दाखवले. लांबी घटली, पण ही भिंगे प्रकाश फार थोडा घेत. त्यामुळे प्रकाशन लांबे आणि स्थिरतेची गरज उरतेच.

ही स्थिरता ज्या खिळीवर टांगलेली आहे, ती छायाचित्रणासाठी जन्मलेलीच नव्हती. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने स्क्रूच्या आट्यांसाठी एकच पद्धत सुचवली. तिच्यातला पाव इंच व्यासाचा, इंचामागे २० आट्यांचा स्क्रू पुढे कॅमेऱ्याच्या तळाशी स्थिरावला. जड सामानासाठी तीन-अष्टमांश इंचाचा, १६ आट्यांचा स्क्रू आला. आट्यांचा कोन ५५ अंशांवरून ६० वर गेला, पण आट्यांची ही संख्या आजही तीच आहे.

मात्र एका स्क्रूला एक जन्मजात दोष आहे: त्याच्याभोवती वस्तू फिरू शकते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी झाइसने १८० मिलीमीटरचे ‘ओलिंपिया झोनार’ काढले, तेव्हा लहानशा कॅमेऱ्यापुढे भलेथोरले भिंग हे दृश्य रूढ होऊ लागले होते. अशा वेळी कॅमेऱ्याच्या तळाचा स्क्रू सारा भार पुढच्या टोकाला लोंबकळत ठेवतो. उपाय निघाला तो नात्याची उलटापालट करणारा. भिंगालाच कडे आणि पाय देण्यात आला. तिपाईवर भिंग बसले आणि कॅमेरा त्याच्या मागे टांगला गेला. १९९३ च्या कॅननच्या १२०० मिलीमीटर भिंगाचे वजन साडेसोळा किलो होते. त्याच्या मागचा कॅमेरा म्हणजे जवळजवळ एक उपांगच.

पट्टीची निवड या उलटापालटीतून ठरते. आर्का-स्विस या कंपनीमुळे रूढ झालेली, उतरत्या कडांची, सुमारे ३८ मिलीमीटर रुंद पट्टी आज सर्वत्र दिसते. निरनिराळ्या कारखान्यांच्या पट्ट्यांत बारीक फरक असतात, म्हणून ती आपल्या पकडीत घट्ट बसते की नाही हे स्वतः पाहावे. भिंगाच्या पायाला ती दोन स्क्रूंनी जोडलेली असावी, निदान तिला अडवणारी कड तरी असावी. म्हणजे ती फिरणार नाही. ती पुरेशी लांब असावी, म्हणजे कॅमेरा बदलला किंवा टेलिकन्व्हर्टर चढवला तरी पुढेमागे सरकवून समतोल पुन्हा साधता येतो. टोकांना अडसर असावेत, म्हणजे पकड सैल झाली तरी भिंग निसटणार नाही. तिपाईच्या माथ्यावर छापलेला किलोंचा आकडा पुरेसा नाही. खरा प्रश्न तो भार आधारापासून किती दूर पडतो हा आहे. कार्दानो या सोळाव्या शतकातील विद्वानाच्या नावाने ओळखली जाणारी झुलती कडी, म्हणजेच गिम्बल, नेमके हेच साधते. भिंग आपल्या गुरुत्वमध्याभोवती तोलले जाते आणि बोटाच्या स्पर्शाने वळते.

आता हे सारे कालबाह्य झाले, असे कोणी म्हणेल. कॅननच्या ६०० मिलीमीटर एफ/४ भिंगाचे वजन १९९९ साली ५.३६ किलो होते, २०१८ साली ते ३.०५ किलोवर आले. कंप शोषणारी यंत्रणाही भिंगातच असते. आक्षेप खरा आहे, पण अपुरा. ती यंत्रणा थरथर कमी करते, प्रतीक्षा कमी करत नाही. घरट्यासमोर दोन तास थांबायचे असेल, तर तीन किलोही कोणीतरी पेलावेच लागतात.

मराठीत ‘आधार’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: टेकू आणि पुरावा. छायाचित्राला आपण दुसऱ्या अर्थाने आधार मानतो, त्यावरून विधाने करतो, इतिहास लिहितो. त्याला पहिल्या अर्थाचा आधार कोणी दिला होता, हेही त्या चित्राच्या वाचनात यायला हवे. टीपेत आणखी एक ओळ मावेल.