छत्तीस पट्ट्यांचे सप्तक

१/ इ. स. १५५१, रोम. दोन संगीतज्ञांत दोन सुवर्ण स्कूदींची पैज लागली. प्राचीन ग्रीकांच्या स्वररचनेचे तीन प्रकार होते. तत्कालीन संगीत त्यांपैकी एकातच बसते, असे व्हिसेन्ते लुझितानोचे मत. ते तिन्हींच्या मिश्रणातून घडते, असे निकोला व्हिचेन्तिनोचे. पोपच्या गायकवृंदातील दोन गायक पंच होते. व्हिचेन्तिनो हरला.

२/ त्या तिसऱ्या प्रकारात अर्धस्वराहूनही लहान अंतरे येत. बारा पट्ट्यांच्या वाद्यावर ती वाजणार कशी? व्हिचेन्तिनोने नवे वाद्यच सिद्ध केले.

३/ बारा पट्ट्यांची अडचण मुळात गणिती आहे. षड्ज आणि शुद्ध गांधार यांचे गुणोत्तर ४:५. अशी तीन अंतरे लागोपाठ चढली की मूळ कंपनसंख्येच्या १.९५३ पट होते. तार षड्जाला मात्र नेमकी २ पट लागते. या उणिवेमुळे जी शार्प आणि ए फ्लॅट हे स्वर वेगळे पडतात. एकच काळी पट्टी दोघांना न्याय देऊ शकत नाही. म्हणून काही वाद्यकार ती पट्टीच दुभागत.

४/ व्हिचेन्तिनो याच वाटेने टोकाला गेला. १५५५ साली रोममध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने 'आर्किचेम्बालो'चे वर्णन केले: पट्ट्यांचे दोन थर आणि एका सप्तकात ३६ पट्ट्या. त्याच्या एका जुळणीत पूर्ण स्वराचे पाच भाग होत आणि सप्तकाचे जवळजवळ समान असे ३१. निरनिराळ्या राष्ट्रांची गाणी त्यांच्या मूळ ढंगात या वाद्यावर वाजवता येतील, असा त्याचा दावा होता.

५/ हे वाद्य जुळवणे कष्टाचे, वाजवणे त्याहून कठीण. फेराराच्या दरबारातील लुझास्को लुझास्की हा त्यात निष्णात मानला जाई. १६०६ मध्ये व्हेनिसच्या व्हितो त्रासुन्तिनोने सप्तकात ३१ पट्ट्या असलेले वाद्य घडवले. चार सप्तके, १२५ पट्ट्या. ते आज बोलोन्याच्या संगीत संग्रहालयात आहे.

६/ पुढे जगाने बारा समान भागांची तडजोड पत्करली. त्यामुळे कोणत्याही पट्टीतून गाणे वाजवता येते. पण आजच्या पियानोवरचा गांधार शुद्ध गांधाराहून अर्धस्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढा असतो. बोलोन्याच्या त्या १२५ पट्ट्या अर्धस्वराहूनही लहान अंतरांसाठी घडवल्या गेल्या होत्या.