निकाल झाकून वाचताना

एलएल.एम.च्या पहिल्या तासाला विद्यार्थी वही उघडून बसतात आणि सर काय लिहून देतात याची वाट पाहतात. ही सवय एलएल.बी.ने लावलेली असते : कलम, त्याचे घटक, त्यावरचे दोन-तीन निवाडे आणि परीक्षेत पुन्हा तेच. कायदा काय आहे, हे तिथे शिकून झालेले असते. तो तसा का झाला, कोणाच्या वाट्याला तो अपुरा पडला आणि तो बदलायचा कसा, हे विचारायला शिकणे म्हणजे पदव्युत्तर अभ्यास. ते शिकवायचे कसे, याचा शोध या संग्रहातले लेख घेतात.

या शोधाची सुरुवात मी नेहमी ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यापासून करतो. १९७२च्या मार्चमध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७४ साली सत्र न्यायालयाने आरोपी असलेल्या दोन पोलिसांना निर्दोष सोडले, १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. पुरावा तोच होता. वर्गात मी उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांच्या निकालपत्रांतले उतारे शेवट झाकून वाटतो आणि एकच शब्द शोधायला सांगतो : संमती. उच्च न्यायालय म्हणते, भीतीपोटी हतबल होणे ही संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालय अंगावर जखमा नाहीत याकडे बोट दाखवते. दोन्ही उतारे शेजारी ठेवले की वर्ग शांत होतो. कायद्याची भाषा तटस्थ असते, हा समज तिथेच ढळतो.

पुढच्या तासाला १९७९चे खुले पत्र येते. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी ते सरन्यायाधीशांना लिहिले. एका निकालपत्राचे बारकाईने केलेले वाचन, हेच त्यांचे हत्यार होते. त्यातून देशभर स्त्रियांचे आंदोलन उभे राहिले आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरायचे. आज ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२० मध्ये आहे. एलएल.एम.च्या विद्यार्थ्याला हा सगळा प्रवास स्वतःच्या पायांनी चालता आला पाहिजे.

व्याख्यानाऐवजी निवाड्यांवरून शिकवण्याची रीत हार्वर्डमध्ये लँगडेल यांनी १८७०पासून रुजवली. तिने विद्यार्थ्याला बोलते केले, पण तिचे लक्ष वरच्या न्यायालयांच्या निकालांवर राहिले. खटला तिथवर पोहोचण्याआधी काय घडले, हे तिच्या कक्षेबाहेर उरले. विधी सहाय्य केंद्रात पक्षकारासमोर बसून शिकण्याची पद्धत ही उणीव भरून काढते.

आपल्याकडे ही उणीव भाषेतही आहे. तालुक्याच्या न्यायालयात साक्ष मराठीत होते. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. मी वर्गात एक काल्पनिक जबाब देतो. हक्कसोडपत्राच्या दाव्यातली बहीण सांगते, ‘भावाने बोट ठेवलं तिथं अंगठा दिला, वाचून कुणी दाखवलं नाही.’ याचा इंग्रजी सारांश करा, असे सांगितले की बहुतेक विद्यार्थी ‘दस्त करून दिला’ अशा अर्थाचे ठाशीव इंग्रजी वाक्य लिहितात. भावाचे बोट त्यातून गायब होते, न वाचलेला कागदही गायब होतो. दावा ज्या मुद्द्यावर उभा राहायचा, तोच भाषांतरात सांडतो. संशोधन पद्धतीवरच्या दहा व्याख्यानांनी जे साधत नाही, ते या एका कागदाने साधते.

एलएल.एम. एक वर्षाची असावी की दोन, हा वाद जुना नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर २०१३पासून एक वर्षाचे अभ्यासक्रम सुरू झाले, तर बार कौन्सिलने २०२०च्या नियमांत पुन्हा दोन वर्षांचा आग्रह धरला. मला वाटते, वर्षांपेक्षा तासाचा प्रश्न मोठा आहे. साठ मिनिटांतली पन्नास मिनिटे शिक्षकच बोलत असेल, तर दोन वर्षेही अपुरी आहेत.

नेट देऊन अध्यापनात येऊ पाहणारे, न्यायाधीशाच्या परीक्षेची तयारी करणारे, दहा वर्षे वकिली करून पुन्हा बाकावर बसलेले, अशा सर्वांचे या विषयात मनापासून स्वागत. लेख कोणत्याही क्रमाने वाचा. त्याआधी मात्र तुमच्या ओळखीचे एखादे निकालपत्र घ्या, शेवटचे पान झाकून ठेवा आणि उरलेल्या पानांवरून आपला निकाल लिहा. मग पान उघडा. दोन्ही निकाल जुळोत वा न जुळोत, ‘का?’ हा प्रश्न तुमच्यासमोर असेल. आमचे सगळे शिकवणे तिथून सुरू होते.