११९९ : औषधाच्या दुकानातून इस्पितळात

न्यू यॉर्कच्या इस्पितळ कामगारांची सगळ्यात नावाजलेली युनियन आकड्यानेच ओळखली जाते : ११९९. तिचा जन्म मात्र इस्पितळात झालेला नाही. १९३२ साली लिऑन डेव्हिस आणि त्याच्या साथीदारांनी ती उभी केली औषधाच्या दुकानांतल्या फार्मासिस्ट आणि नोकरांसाठी. सभासद बहुतेक ज्यू. पुढे दुकान-कामगारांच्या महासंघात तिला शाखाक्रमांक मिळाला, तो ११९९. त्याच दशकात तिने हार्लेममध्ये संप केला, तो कृष्णवर्णीय फार्मासिस्टांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून. दुसऱ्यासाठी भांडायची ही सवय पुढे कामी आली.

शहरातली मोठी खासगी इस्पितळं धर्मादाय होती. १९४७च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने अशा ना-नफा इस्पितळांना ‘मालक’ या व्याख्येतूनच वगळलं होतं. कामगारांच्या युनियनशी बोलणी करायला ती बांधील नव्हती. सफाई, स्वयंपाकघर, धुलाई, वॉर्ड सांभाळणारे कामगार बहुतेक कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन. पूर्णवेळ राबूनही काहींना सरकारी मदतीवर घर चालवावं लागे. धर्मादायाचं श्रेय देणगीदारांना मिळे. त्याची किंमत या कामगारांच्या पगारातूनही वसूल होई.

१९५७ साली इस्पितळ कामगारांचा संघटक एलियट गोडॉफ डेव्हिसला येऊन मिळाला आणि ब्राँक्समधल्या माँटेफिओरे इस्पितळात सभासद नोंदणी सुरू झाली. पुढच्या वर्षाअखेर मतदान झालं : युनियनच्या बाजूने ६२८, विरोधात ३१. मग ८ मे १९५९ला सात इस्पितळांतले सुमारे साडेतीन हजार कामगार संपावर गेले. संप ४६ दिवस चालला. पगार थोडा वाढला. युनियनला मान्यता मिळाली नाही. १९६२मध्ये पुन्हा संप झाला, त्यात डेव्हिस तुरुंगात गेला, गव्हर्नर रॉकफेलरला मध्ये पडावं लागलं आणि १९६३मध्ये न्यू यॉर्क शहरातल्या धर्मादाय इस्पितळांच्या कामगारांना वाटाघाटीचा हक्क मिळाला. इस्पितळांतून इतके सभासद आले की फार्मासिस्ट स्वतःच्याच युनियनमध्ये अल्पसंख्य झाले.

१९६९मध्ये हे लोण दक्षिण कॅरोलायनात चार्ल्सटनला पोचलं. तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळाने बारा कामगारांना काढून टाकलं आणि चारशेहून अधिक जण, बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रिया, संपावर गेले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग त्यांच्यासोबत रस्त्यावर उतरल्या. सुमारे शंभर दिवसांनी काढलेल्यांना परत घेतलं, पगार वाढला. मान्यता इथेही नाही.

ना-नफा इस्पितळांची कायदेशीर सवलत गेली ती १९७४मध्ये, सत्तावीस वर्षांनी, कायद्यात दुरुस्ती होऊन. रुग्णांचं काय, हा मालकांचा ठरलेला सवाल त्या दुरुस्तीने टाळला नाही. इस्पितळात संप करता येईल. फक्त युनियनने दहा दिवस आधी नोटीस द्यायची.