फ्लॉरेन्सचे लोकर-मजूर

फ्लॉरेन्सला जाणारा प्रवासी घुमट पाहतो, चित्रे पाहतो. आम्ही चौघे मित्र ते शहर सावकाश हिंडलो, ते हे वैभव कोणाच्या कष्टावर उभे राहिले, याचा माग काढीत.

श्रोतेहो, ब्रुनेलेस्कीचा तो प्रचंड घुमट १४३६ साली पुरा झाला. त्या मंदिराच्या बांधकामाची देखरेख लोकरीच्या धंदेवाल्यांच्या संघाकडे होती. लोकर पिंजणारे, विंचरणारे, धुणारे मजूर म्हणजे ‘चोंपी’. त्यांना स्वतःचा संघ काढण्याची बंदी होती; मालकांच्या संघाचे नियम मात्र त्यांच्यावर बंधनकारक!

जुलै १३७८ मध्ये या मजुरांनी सरकारवाडा ताब्यात घेतला. मिकेले दि लांदो हा लोकर विंचरणारा शहराचा प्रमुख झाला. तीन नवे संघ निघाले आणि मजुराला कारभारात वाटा मिळाला. पण मालकांनी कामे बंद ठेवली, घरोघर उपासमार सुरू झाली, फूट पडली. ३१ ऑगस्टला चोंपींचा मोड झाला. मोडणाऱ्यांत खुद्द लांदो होता! त्यांचा संघ बुडाला. उरलेले दोन १३८२ मध्ये गेले आणि लांदोही हद्दपार झाला.

आज नव्या बाजाराच्या कमानींत लांदोचा पुतळा आहे, तर अन्यत्र एका चौकाला चोंपींचे नाव आहे. दोन्ही ठिकाणी आम्ही बराच वेळ थांबलो. वाडा जिंकणाऱ्यांपाशी धैर्य होते. काम बंद पडल्यावर चूल पेटती ठेवण्याची तजवीज नव्हती. कामगारांच्या संघटनेने फ्लॉरेन्सहून आणावे ते हेच, असे आम्हांस वाटते.